मणक्याच्या गादीतला गॅस: एक्स-रे, एमआरआय, सीटी तिन्ही करून आलेल्या माणसाचा अनुभव

ज्यांच्या रिपोर्टमध्ये 'व्हॅक्यूम फिनॉमेनन' असं काहीतरी छापून आलंय आणि जे रात्रभर मोबाईलवर शोधत बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या कंबरेच्या एल४-एल५ या, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीत गॅस निघाला, त्यालाच हे नाव आहे. त्यापायी आधी एक्स-रे झाला, मग एमआरआय झाला, शेवटी सीटी झाला, आणि तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक्स-रेत गॅस दिसला, एमआरआयमध्ये त्याच जागी पाणी दिसलं आणि टीबीचा डाऊट आला, आणि मग सीटीनं निकाल लावला. आमच्या घरावर त्या मधल्या काळात काय गेलं ते आमचं आम्हाला माहीत, म्हणून सगळं नीट सांगतो.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, पंचावन्न ओलांडली. काम उभ्यानं, त्यात रोज गाडीवरनं जाऊन येऊन. कंबर आधीपासनंच कुरकुरत होती, पण या वर्षी पावसाळ्यानंतर दुखणं बदललं. पुढं वाकलं की बरं वाटायचं आणि सरळ उभं राहिलं, विशेषतः मागं ताठ झालं की कळ यायची, अंथरुणात कूस बदलताना तर जीव जायचा, आणि डाव्या पायात मांडीतनं पोटरीपर्यंत मुंग्या. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहवेना तेव्हा ही म्हणाली आता बास, डॉक्टरला दाखवायचंच.

राजारामपुरीत हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. सरांनी पाय सरळ ठेवून वर उचलून बघितला, अंगठा वर दाबायला लावला, टाचांवर चालवलं, आणि विचारलं की दुखणं वाकल्यावर जास्त का उभं राहिल्यावर जास्त. मी उभं राहिल्यावर म्हणताच त्यांनी एक्स-रे लिहिला, पण साधा झोपून नाही, उभ्यानं, आणि एक पुढं वाकून, एक मागं वाकून. मला वाटलं होतं डायरेक्ट एमआरआयच सांगतील, कारण हल्ली कंबर म्हणलं की सगळे एमआरआयच म्हणतात. पण आता सगळं होऊन गेल्यावर सांगतो, तो मागं वाकून काढलेला एक्स-रे नसता तर माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागली असती.

एक्स-रे काढणारा पोरगा चांगला होता. "काका, स्टँडला धरा, आता मागं, अजून जरा मागं, हां हां बास, श्वास धरा, हलू नका." त्या मागं वाकायच्या पोझमध्ये डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण त्यानं घाई केली नाही आणि मला अर्ध्यावर सोडलंही नाही, नीट पूर्ण मागं नेलं. मला नंतर कळलं की याच्यावरच सगळं अवलंबून असतं, अर्धवट वाकवलं तर काहीच दिसत नाही.

सरांनी तिन्ही फिल्म लाईटवर लावल्या. पुढं वाकलेल्या फिल्ममध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली जागा कमी झालेली, बाकी काही नाही. सरळ उभ्याच्या फिल्ममध्येही काही कळत नव्हतं. मागं वाकलेल्या फिल्ममध्ये मात्र गादीच्या पुढच्या अंगाला एक बारीक काळी आडवी रेघ. सरांनी पेनचं टोक तिथं ठेवलं आणि म्हणाले, हा गॅस. शिवाय चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढं सरकलाय, ग्रेड वन म्हणजे सगळ्यात कमी पायरीचं सरकणं, आणि पुढं-मागं वाकताना ते सरकणं कमी-जास्त होतंय म्हणजे तिथं ढिलेपणा आहे.

घरी येऊन गादीत गॅस आहे म्हणून सांगितलं आणि जो गोंधळ झाला तो विचारू नका. हिनं हरभऱ्याची डाळ, वाल, पावटा सगळं बंद केलं, सकाळ-संध्याकाळ ओवा-सुंठ सुरू, रविवारची मिसळ बंद. शेजारचे तात्या म्हणाले पोटातला गॅस वर चढून मणक्यात बसलाय. प्रेमापोटी बोलतात सगळे, पण तसं काही नसतं, पोटातल्या गॅसला मणक्याच्या गादीत जायला वाटच नाही. हा गॅस आपल्याच शरीरातल्या पाण्यात विरघळलेला असतो आणि त्यात सुमारे नव्वद टक्के नायट्रोजन असतो, बाकी ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड वगैरे थोडं थोडं. गादी म्हातारी झाली की तिच्यातलं पाणी कमी होतं, आत भेगा पडतात. मग मागं वाकलं की ती भेग उघडते, आत दाब एकदम कमी होतो, आणि आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेला गॅस बाहेर येऊन त्या पोकळीत बसतो. पुढं वाकलं की भेग मिटते आणि गॅस दिसेनासा होतो. बोटं मोडताना सांध्यात जे होतं ते याच जातीचं, 2015 साली कॅनडात लोकांनी एमआरआयच्या आत बोट ओढून ते लाइव्ह बघितलं, कट आवाज होताना सांध्यात पोकळी तयार होते ते त्यात दिसलं.

मला हे पटकन समजलं त्याचं कारण माझं काम. वितळलेल्या धातूत गॅस विरघळलेला असतो, धातू थंड होऊन गोठताना तो बाहेर पडायला बघतो, आणि बाहेर पडायला जागा मिळाली नाही की कास्टिंगच्या पोटात ब्लो होल. बाहेरनं जॉब चकचकीत, आत भोक. महत्त्वाच्या कास्टिंगची आम्ही रेडिओग्राफी करून घेतो आणि फिल्मवर ब्लो होल काळं दिसतं, कारण तिथं माल कमी म्हणून किरण जास्त आरपार जातात. माझ्या कंबरेच्या फिल्मवरची काळी रेघ त्याच हिशोबानं काळी.

पायातल्या मुंग्या वाढायला लागल्या म्हणून सरांनी एमआरआय सांगितला, नस कुठं दबली का ते बघायला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, माझा एमआरआय गॅस बघायला नव्हता, नस बघायला होता.

एमआरआय ज्या सेंटरला केला त्याचं नाव घेत नाही. खिशातलं पाकीट, कार्डं, पट्टा, गळ्यातलं लॉकेट, कंबरेचा चांदीचा करदोडा सगळं काढून हिच्याकडं दिलं. पेसमेकर आहे का, अंगात कुठं प्लेट-स्क्रू आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का असं विचारून घेतात, आणि आमच्यासारख्या ग्राइंडिंगजवळ काम करणाऱ्यांनी तो शेवटचा प्रश्न हलक्यात घेऊ नये. मग त्या बोगद्यात पाठीवर झोपायचं, कानात बोळे, हातात एक रबरी फुगा, त्रास झाला तर दाबायचा. आवाज म्हणजे धडधड धडधड नुसती. अर्धा तास तरी गेला, त्यात हलायचं नाही. गुडघ्याखाली उशी दिली होती म्हणून कंबरेला बरं वाटलं. ही उशी आणि हा अर्धा तास दोन्ही पुढं महत्त्वाचे ठरले.

काउंटरवर फक्त डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आधीचे एक्स-रे कुणी मागितले नाहीत. एक्स-रे हिच्या पिशवीतच होते. मला आजही या गोष्टीचा राग येतो, कारण बघणाऱ्यानं ते बघितले असते तर रिपोर्टमधलं पुढचं वाक्य कदाचित वेगळं झालं असतं.

रिपोर्टमध्ये लिहून आलं की एल४-एल५ गादीत टी२ वर (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार, त्यात पाणी पांढरं दिसतं) पांढरा, पाण्यासारखा सिग्नल आहे, वरच्या-खालच्या मणक्यांच्या कडांना सूज आहे, डाव्या बाजूला नसेवर दाब आहे, आणि शेवटी, इन्फेक्शन, टीबी धरून, नाकारता येत नाही. बास. गॅस हा शब्द पूर्ण रिपोर्टमध्ये नाही.

आपल्याकडं मणक्याचा टीबी म्हणजे काही दूरची गोष्ट नाही, प्रत्येक गल्लीत कुणाला तरी झालेला असतो. वर्ष-दीड वर्ष गोळ्या, त्याआधी सुई घालून तिथला तुकडा काढून तपासायचा, आणि घरात नात तर लहान. त्या रात्री ही बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पोरगा पुण्यातनं निघून आला. ज्यानं तो रिपोर्ट लिहिला त्याला मी दोष देत नाही, एमआरआयवर ते चित्र खरंच इन्फेक्शनसारखं दिसतं आणि टीबी सुटून गेला तर माणूस पांगळा होतो, त्यामुळं लिहायलाच पाहिजे. पण एक चित्र एकटं बघितलं की असं होतं.

सरांनी रिपोर्ट वाचला आणि आधी मला प्रश्न विचारले. संध्याकाळी ताप येतोय का, रात्री घाम येतोय का, वजन उतरलंय का, भूक कशी, घरात कुणाला टीबी होता का, झोपून राहिल्यावरही दुखतंय का. सगळ्याला नाही. झोपल्यावर तर उलट बरं वाटतंय. मग रक्त तपासलं, ईएसआर आणि सीआरपी, अंगात सूज-इन्फेक्शन असेल तर वाढतात ते, दोन्ही नॉर्मल. मग त्यांनी जुनी मागं वाकलेली फिल्म परत लाईटवर लावली, शेजारी एमआरआय धरला, आणि बराच वेळ बघत बसले. म्हणाले, ज्या जागेत उभ्यानं मागं वाकल्यावर गॅस होता त्याच जागेत आता पाणी दिसतंय. मला हे इन्फेक्शन वाटत नाही, पण वाटण्यावर सोडायचं नाही, एवढ्याच भागाचा एक सीटी करू, बिना इंजेक्शनचा.

मेहुणा तिथंच होता, तो म्हणाला दाजी त्यापेक्षा सोनोग्राफी करून बघा की, किरण पण नाहीत आणि स्वस्त पण आहे. सर त्याच्यावर चिडले नाहीत, नीट सांगितलं की सोनोग्राफीचा आवाज हाडातनं नीट पलीकडं जात नाही आणि मणका सगळा हाडानं वेढलेला, गादीत काय आहे ते तिथं दिसणार नाही. कास्टिंगमध्ये अल्ट्रासॉनिकनं आम्ही आतली पोकळी शोधतो म्हणून माझ्याही मनात तोच विचार आला होता, पण धातूतनं आवाज सरळ जातो, इथं हाड आडवं येतं.

सीटीला दुसऱ्या सेंटरला गेलो, शाहूपुरीत. तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम वयानं लहान, माझ्या पुतणीएवढ्या असतील. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते म्हणजे, "काका, आधीचं सगळं आणलंय का? एक्स-रे, एमआरआयची सीडी, सगळं द्या." हिनं पिशवीच उलटी केली टेबलावर. तिथंच माझा निम्मा भार उतरला.

सीटीचं काम म्हणाल तर झोपलो आणि उठलो, एवढंच. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा, बाकी वेळ नीट झोपवण्यात जातो. करदोडा मात्र याही वेळी काढायला लावला, धातूच्या रेघा चित्रात येतात म्हणून. किरणांचं मी विचारलं. मॅडमनी सांगितलं की कंबरेच्या एक्स-रेत साधारण दीड मिलीसिव्हर्टच्या (किरण मोजायचं माप) आसपास जातं, सीटीत पाच ते दहाच्या मधे कुठंतरी, आणि आपल्याला नुसतं जमिनीतनं, आकाशातनं वर्षाला सरासरी अडीच मिलीसिव्हर्टच्या जवळपास मिळतंच. एमआरआयमध्ये शून्य. म्हणून त्यांनी पूर्ण कंबर न घेता सरांनी लिहिलेला भागच घेतला. माझ्या वयाला एवढ्यानं घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, पण पोरीबाळींना आणि गरोदर बाईला उगाच कुणी सीटी सांगत असेल तर का म्हणून विचारावं.

नंतर त्यांनी आम्हा दोघांना आत स्क्रीनसमोर बसवलं. हे कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका स्क्रीनवर माझा एमआरआय, दुसऱ्यावर सीटी, मधे भिंतीवर एक्स-रे. त्यांनी माऊसनं सीटीत एल४-एल५ वर आणलं. गादीच्या मधोमध काळाभोर आडवा पट्टा, एक्स-रेत फक्त पुढच्या अंगाला बारीक रेघ दिसत होती, इथं तो पार मागपर्यंत गेलेला, आणि मागच्या दोन लहान सांध्यांमध्ये पण काळे ठिपके, जे एक्स-रेत कुठंच नव्हते. मी म्हणलं चरबी पण काळीच दिसते की, बाजूला एवढं काळं काळं दिसतंय. त्या म्हणाल्या, बरोबर विचारलंत. मग त्यांनी एक सेटिंग बदललं, फुप्फुस बघायला जे वापरतात ते. क्षणात बाजूची सगळी चरबी करडी झाली आणि गादीतला पट्टा तसाच काळा राहिला. मग त्या पट्ट्यावर एक छोटा गोल काढला आणि बाजूला आकडा आला, उणे सातशेच्या पुढं.

तो आकडा म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. सीटीचं मशीन करणाऱ्या हाउन्सफिल्ड साहेबाच्या नावानं, 1979 चं नोबेल मिळालं होतं त्यांना. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड अधिक काहीशे ते हजार. गादीतली भेग बारीक असते, तिच्या कडेची गादी थोडी मिसळून मोजली जाते म्हणून पूर्ण उणे हजार येत नाही. पण उणे सातशे म्हणजे ते पाणी नाही, पू नाही, चरबी नाही, ते गॅसच. मला ही गोष्ट फार आवडली. एक्स-रेत आणि एमआरआयमध्ये डोळ्यानं काळं-पांढरं ठरवायचं, इथं मशीन आकडा देतं. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाला आकडा दिसला की धीर येतो.

मग एमआरआयकडं वळलो. मला विचारायचं होतं की एवढं मोठं, एवढं महाग मशीन, त्याला गॅस का दिसला नाही. मॅडमनी सांगितलं की एमआरआय मुळात शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडनं सिग्नल घेतं. गॅसमध्ये सिग्नल द्यायला काही नसतंच, त्यामुळं गॅस काळा दिसतो. अडचण अशी की म्हातारी, सुकलेली गादी पण टी२ वर काळी, कॅल्शियम साठलं असेल तर ते पण काळं. काळ्यात काळं मिसळलं की वेगळं काढायचं कसं. ग्रेडियंट एको नावाचा एक प्रकार असतो, त्यात गॅसच्या कडेला चित्र फाटतं आणि काळा डाग आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, त्यावरनं अंदाज येतो, पण कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये तो बऱ्याचदा घेतच नाहीत. आणि तो घेतला तरी कॅल्शियम का गॅस हे सीटीइतकं स्वच्छ सांगता येत नाही.

आणि माझ्या केसमध्ये तर काळं पण नव्हतं, पांढरं होतं. त्याचं कारण तो अर्धा तास. उभं असताना, मागं वाकलेलं असताना भेगेत गॅस असतो. पाठीवर गुडघ्याखाली उशी घेऊन बराच वेळ पडून राहिलं की कंबरेचा बाक कमी होतो, ओझं उतरतं, आणि त्या पोकळीत हळूहळू आजूबाजूचं पाणी झिरपतं. मग एमआरआयला तिथं पाणी दिसतं, पांढरं. मणक्याच्या कडांची सूज ही गादी झिजल्याची, हलण्याची, मॉडिक टाइप वन म्हणतात तिला, ती पण इन्फेक्शनसारखीच दिसते. दोन्ही एकत्र आलं की कुणालाही टीबीचा डाऊट येणारच. सीटीत मी पडून किती वेळ होतो, काही मिनिटं, म्हणून गॅस जागेवर सापडला.

मग टीबी नाही हे कशावरनं, मी स्पष्ट विचारलं. त्यांनी सीटीवर मणक्यांच्या कडा दाखवल्या. कडा दाट झाल्यात, खरखरीत आहेत, पण कुरतडलेल्या नाहीत. बाजूच्या स्नायूत पू साठल्याची पिशवी नाही. आणि गादीत मधोमध एवढा स्वच्छ पट्टाभर गॅस असणं हे साधारणपणे इन्फेक्शनच्या विरुद्ध जातं, कारण इन्फेक्शन झालेल्या गादीत पू-पाणी भरतं, पोकळी राहत नाही. साधारणपणे म्हणाल्या, शंभर टक्के नाही, गॅस तयार करणारे जंतूही असतात पण ते विरळ, आणि त्यात माणूस तापानं फणफणलेला असतो, गॅसचे लहान लहान विखुरलेले बुडबुडे दिसतात. तुमचं रक्त नॉर्मल, ताप नाही, कडा शाबूत, पट्टा सलग, उभ्याच्या एक्स-रेत पण तोच. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

ही तिथंच पदर डोळ्याला लावून बसली. मॅडमनी तिला पाणी दिलं.

त्यांनी अजून एक सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. हा गॅस नवीन सापडलेला प्रकार नाही, 1942 साली स्वीडनमध्ये क्नुटसन नावाच्या डॉक्टरांनी गादीतल्या या पोकळीवर एक्स-रे बघून लिहून ठेवलंय, आणि त्यांनीही हे गादी झिजण्याशी जोडलं होतं. तेव्हा सीटी नव्हता, एमआरआय नव्हता, माणसाला मागं वाकवून फिल्म काढायची एवढंच हातात होतं. आणि आज एवढी मशीन असताना मागं वाकवून एक्स-रे काढायचा कंटाळा केला जातो. सीटी जास्त गॅस पकडतो हे खरं, बारीकसा, मागच्या सांध्यातला, कधी गादीतनं निसटून नसेच्या कालव्यात गेलेला बुडबुडा पण तो दाखवतो. पण सीटी झोपून होतो. मणका उभ्यानं कसा वागतो, किती सरकतो, भेग उघडते का मिटते, हे फक्त उभ्याच्या एक्स-रेला कळतं. आणि नस किती दबली, गादी किती सुकली, सूज कुठं आहे, हे एमआरआयशिवाय नाही. माझ्या नसेवरचा दाब एमआरआयनंच दाखवला की.

साध्या एक्स-रेची कमजोरी पण सांगितली पाहिजे. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये पोटातल्या आतड्यांचा गॅस मणक्यावर येऊन बसतो आणि उगाच घोटाळा होतो, म्हणून बाजूनं काढलेलीच फिल्म बघायची. आणि गॅस थोडा असेल, किरणांच्या रेषेत नसेल, माणूस दुखतंय म्हणून नीट मागं वाकला नसेल, तर एक्स-रे सरळ नॉर्मल येतो. एक्स-रेत नाही म्हणजे गॅस नाहीच असं धरायचं नाही.

निघताना मी फिल्मबरोबर सीडी मागितली आणि त्यांनी न कुरकुरता दिली. ही गोष्ट मी आता सगळ्यांना सांगतो. फिल्मवर जे छापून मिळतं ते एकाच सेटिंगचं चित्र, माझ्या फिल्मवर चरबी आणि गॅस दोन्ही काळेच दिसतात. सीडी असेल तर कुठलाही डॉक्टर सेटिंग बदलून, गोल काढून आकडा बघू शकतो. एमआरआयवाल्यांनी सीडी द्यायला टाळाटाळ केली होती, पोरगा जाऊन बसला तेव्हा मिळाली. पैसे आपण भरलेत, ती आपलीच आहे, मागून घ्या.

सीटीचा रिपोर्ट घेऊन सरांकडं आलो. टीबीच्या गोळ्या नाहीत, सुई नाही, ऑपरेशन पण आत्ता नाही. मणका सरकतोय, गादी संपत आलीय, नसेवर थोडा दाब आहे, यावर इलाज करायचा, गॅसवर नाही. कारण गॅस हा आजार नाही, झिजलेल्या आणि हलणाऱ्या गादीची खूण आहे, आणि वय झालेल्या कितीतरी लोकांच्या गादीत तो असतो आणि त्यांना काही दुखत पण नसतं. दुसऱ्याच कारणानं पोटाचा सीटी केला आणि त्यात दिसला असं पण होतं.

मग फिजिओथेरपी. पोटाचे आणि कंबरेचे खोलचे स्नायू घट्ट करायचे व्यायाम, गुडघे छातीशी घ्यायचे, आणि मागं वाकायचे सगळे प्रकार बंद, सूर्यनमस्कारातला मागं वाकायचा भाग पण बंद. माझ्या दुखण्याला हे लागू पडतं, ज्याला पुढं वाकल्यावर दुखतं त्यानं हे जसंच्या तसं करू नये. रंकाळ्यावर चालायला जातो, दम लागला किंवा पाय भरून आला की कठड्यावर जरा पुढं वाकून बसायचं, मुंग्या कमी होतात.

तालमीतले एक वस्ताद आमच्या ओळखीचे, कुस्तीतल्या पोरांचे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. ते म्हणाले पालथा झोप, एकदा पाय देऊन कट काढतो, गॅस निघून जाईल. मी हात जोडून नको म्हणलं. मणका आधीच सरकतोय आणि त्यात नसेवर दाब, अशा कंबरेला झटका द्यायला लावू नका, कुणीही कितीही जवळचा असला तरी. कट आवाज आला म्हणून गॅस निघून जात नाही, भेग तिथंच आहे, परत मागं वाकलं की परत भरणार.

सरांनी एक यादी हिच्याकडं दिलीय, माझ्याकडं नाही, कारण मी अंगावर काढतो हे त्यांना कळलंय. ताप येऊन कंबर दुखली, रात्री झोपेतनं उठवेल असं दुखलं, पायाचा पंजा उचलता येईना झाला, लघवी-संडासचं भान गेलं किंवा बसतो त्या जागेला बधिरपणा आला, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच रात्री निघायचं.

मधे एकदा मीच सरांना विचारलं होतं, आता बरं वाटायलंय तर एकदा सीटी करून बघू का, गॅस गेला का ते कळेल. ते नको म्हणाले. सकाळी उठल्यावर कमी असेल, दिवसभर उभं राहून संध्याकाळी जास्त असेल, तुम्ही कसे झोपलाय त्यावर बदलेल, त्याच्यावरनं मला औषधात काही बदल करायचा नाही, मग किरण कशाला घ्यायचे. पुढच्या वेळेला उभ्याचा एक्स-रे मात्र काढू, पुढं-मागं वाकून, मणका अजून सरकला का तेवढं मोजायला. मी जुन्या फिल्म आणि दोन्ही सीड्या एका पिशवीत घालून कपाटात ठेवल्यात, पिशवीवर तारखा मार्करनं लिहिल्यात, त्या दिवशी न्यायला.